ओरिजिनल बिल ऑफ लेडिंग हरवलं तर: माल सोडवण्यापासून कॅरियरवरच्या दाव्यापर्यंत

जहाज बंदराला लागलेलं असतं, ओरिजिनल बिल ऑफ लेडिंग (माल चढवल्यावर मिळालेला मूळ कागद, जो दाखवून माल सोडवायचा असतो) सापडत नाही आणि शिपिंग लाइनचा एजंट एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवतो: ओरिजिनल आणा, मग डिलिव्हरी ऑर्डर घ्या. अशा वेळी लोक आधी आठवडाभर कागद शोधतात. मग ‘डुप्लिकेट द्या’ म्हणून अर्ज करतात आणि कॅरियरला, म्हणजे माल वाहून आणणाऱ्या कंपनीला, रीतसर नोटीस द्यायचं सगळ्यात शेवटी आठवतं. क्रम नेमका उलटा हवा.

हरवलेला कागद आणि हरवलेला किंवा खराब झालेला माल ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, आणि दोन्हींच्या मुदती वेगळ्या चालतात. कागदाचा घोळ निस्तरता निस्तरता मालाच्या दाव्याची मुदत संपते आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. पुढचे टप्पे मुख्यतः समुद्रमार्गे येणाऱ्या मालासाठी आहेत. हवाई, रस्ता आणि रेल्वे वाहतुकीचे नियम शेवटी थोडक्यात दिले आहेत.

टप्पा १: नेमका कोणता कागद गेला ते ठरवा

‘शिपिंगचे कागद हरवले’ एवढ्यावर कुणीच काही करू शकत नाही. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट किंवा सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन गेलं असेल तर ते ज्याने दिलं त्याच्याकडून पुन्हा मिळतं. त्यावाचून कस्टम्स अडेल, पण माल ताब्यात देण्याच्या कॅरियरच्या जबाबदारीशी त्याचा संबंध नाही. सी वेबिल, म्हणजे हक्काचा दस्त नसलेली वाहतुकीची पावती, असेल तर कागद हातात असण्याची गरजच नसते. ज्याचं नाव कन्साइनी (माल ज्याला पाठवलाय तो) म्हणून आहे त्याने ओळख पटवली की माल मिळतो. आणि टेलेक्स रिलीज (ओरिजिनल न मागता माल द्या, असा लाइनचा एजंटला निरोप) झाला असेल तर ओरिजिनल केव्हाच लाइनकडे जमा झालेली असतात. तिथे बहुधा फक्त निरोप अडकलेला असतो, एजंटला एक मेल पुरतो.

खरी अडचण येते ती ऑर्डर बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे व्यवहारात ज्याला नुसतं ‘बीएल’ म्हणतात त्याची. हा कागद मालाची पावती असतो, वाहतूक कराराचा पुरावा असतो आणि मालावरच्या हक्काचा दस्तही असतो. त्याची स्कॅन प्रत काढून या गोष्टी पक्क्या करा:

कन्साइनीच्या चौकटीत काय आहे? ‘टू ऑर्डर’ लिहून शिपरने (माल पाठवणाऱ्याने) मागे कोरं एन्डॉर्समेंट केलं असेल, म्हणजे कुणाचंही नाव न घालता नुसती सही केली असेल, तर तो कागद ज्याच्या हाती पडेल तो माल मागू शकतो. हा सगळ्यात धोक्याचा प्रकार. ‘टू ऑर्डर ऑफ अमुक बँक’ असेल तर बँकेच्या एन्डॉर्समेंटशिवाय तो सापडणाऱ्याच्या उपयोगाचा नाही. थेट खरेदीदाराचं नाव असेल, म्हणजे स्ट्रेट बीएल, तर देशागणिक फरक पडतो. अमेरिकेच्या फेडरल कायद्याप्रमाणे नाव असलेल्या कन्साइनीला ओरिजिनल जमा न करता माल देता येतो. इंग्लंडमध्ये ‘राफाएला एस’ प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सने २००५ मध्ये स्ट्रेट बीएलसुद्धा हेग-विस्बी नियमांपुरता (समुद्री वाहतुकीत कॅरियरची जबाबदारी ठरवणारे आंतरराष्ट्रीय नियम) हक्काचा दस्त मानला. शिवाय अनेक लाइनच्या छापील अटींतच ओरिजिनल जमा करण्याची सक्ती असते. त्या अटी वाचा.

किती ओरिजिनल निघाली होती आणि त्यांतली किती गेली? सहसा तीन निघतात आणि त्यांवर छापलेलं असतं की एकावर माल दिला की बाकीची निरर्थक. तीनपैकी एक गेलं आणि तिन्ही गेली, या दोन परिस्थितींचे उपाय पूर्ण वेगळे आहेत.

बीएल कुणी काढलं? फ्रेट फॉरवर्डरने काढलेलं हाउस बीएल असेल तर जहाज कंपनीच्या नोंदीत तुमचं नावच नसतं. तिला पत्रं लिहीत बसाल तर उत्तर येणार नाही, आणि आलं तरी कामाचं नसेल. तुमचा करार फॉरवर्डरशी आहे.

इशारा: खरेदीदाराने पैसे न भरल्यामुळे कागद बँकेत पडून असतील, तर ते ‘हरवलेले’ नाहीत. हरवल्याचं प्रतिज्ञापत्र करून माल सोडवणं ही सरळ फसवणूक आहे.

टप्पा २: त्याच दिवशी लेखी नोटीस

घाई कशासाठी, ते १८८२ च्या एका इंग्लिश निकालातून कळतं. ग्लिन मिल्स प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं की माल ताब्यात असलेल्याने दुसऱ्या कुणाच्या हक्काची खबर नसताना एका खऱ्या ओरिजिनलवर माल देऊन टाकला, तर तो जबाबदारीतून सुटतो. म्हणजे तुम्ही गप्प असताना कुणी सापडलेला कागद घेऊन गेटवर पोचलं, तर नुकसान तुमचं. नोटीस पोचल्यावर मात्र ‘आम्हाला ठाऊक नव्हतं’ असं कॅरियरला म्हणता येत नाही.

नोटीस कॅरियरच्या मुख्य कार्यालयाला, माल चढवलेल्या आणि उतरवायच्या अशा दोन्ही बंदरांतल्या एजंटांना, आणि बँक मध्ये असेल तर तिलाही पाठवा. तिच्यात बीएल क्रमांक व तारीख, जहाज आणि व्हॉयेज, कंटेनर व सील क्रमांक, गेलेल्या ओरिजिनलची संख्या, एन्डॉर्समेंटची स्थिती आणि कागद शेवटचा कुणाच्या हाती होता हे सगळं हवं. शेवटी स्पष्ट मागणी: ‘आमच्या लेखी संमतीशिवाय हा माल कुणालाही देऊ नये, कुणी ओरिजिनल सादर केल्यास ताबडतोब कळवावं.’ फोनवरचं आश्वासन मोजू नका. मेलला उत्तर किंवा शिक्क्याची पोच हातात आली म्हणजे हा टप्पा पुरा झाला.

टप्पा ३: माग काढा, पण मुदत घालून

शोध घ्यायचाच, फक्त त्याला दोन-तीन दिवसांची मर्यादा घाला. कुरियरची डिलिव्हरी नोंद, ज्याने सही केली त्याचं नाव, बँकेच्या आवक विभागाचं रजिस्टर एवढं तपासा. कितीतरी ‘हरवलेली’ ओरिजिनल बँकेच्या चुकीच्या शाखेत किंवा नोटिफाय पार्टीच्या (माल आल्याची खबर ज्याला द्यायची त्याच्या) टेबलावर असतात. कुरियर कंपनीकडून मालाची किंमत वसूल होईल या आशेवर राहू नका. कंपन्यांच्या अटींत जबाबदारी सामान्यतः फार थोड्या रकमेपुरती बांधलेली असते.

लेटर ऑफ क्रेडिट (अटींनुसार कागद मिळाले की पैसे देऊ, ही बँकेची हमी) असेल तर विक्रेत्याने त्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांचं, म्हणजे यूसीपी ६०० चं, ३५ वं कलम काढून वाचावं. नेमून दिलेल्या बँकेने कागद अटींनुसार असल्याचं ठरवून पुढे पाठवले आणि ते वाटेत गहाळ झाले, तरी क्रेडिट देणाऱ्या बँकेला पैसे द्यावेच लागतात. ‘कागद पोचलेच नाहीत’ हे कारण तिथे चालत नाही. मात्र विक्रेत्याने स्वतः कुरियर केले आणि ते बँकेत पोचण्याआधीच गेले, तर हे संरक्षण नाही.

याच दिवसांत एक फाइल बांधा: बीएलच्या दोन्ही बाजूंची प्रत, बुकिंग कन्फर्मेशन, मेट्स रिसीट (माल जहाजावर चढल्याची जहाजाची पावती) किंवा टर्मिनलची गेट पावती, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, पैसे दिल्याचा पुरावा आणि विमा. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर हीच मागितली जाते.

टप्पा ४: स्वस्तातला मार्ग आधी

एक तरी ओरिजिनल हातात असेल तर ठरलेल्या बंदरावर तेच सादर करा. एका ओरिजिनलवर डिलिव्हरी मिळू शकते. पूर्ण संच हवाच असा गैरसमज फार पसरलेला आहे. पूर्ण संच लागतो तो डेस्टिनेशन बदलताना, बीएल बदलून घेताना आणि लेटर ऑफ क्रेडिटखाली बँकेत सादर करताना. अर्थात तुम्हीच टप्पा २ ची नोटीस दिलेली असेल, तर लाइन थोडी चौकशी करेल आणि ते रास्तच आहे.

कागद फक्त उशिरा येताहेत, हरवलेले नाहीत, असं असेल तर खरेदीदाराच्या बँकेकडून शिपिंग गॅरंटी, म्हणजे ओरिजिनलशिवाय माल सोडण्यासाठी लाइनला दिलेली बँकेची हमी, घ्या. तिची किंमत मात्र समजून घ्या: ती घेतली की पुढे कागदांत चुका निघाल्या तरी बँक पैसे देणं नाकारू देत नाही.

तिन्ही ओरिजिनल खरंच गेली असतील तर उरतात लेटर ऑफ इन्डेम्निटी, म्हणजे एलओआय (कॅरियरचं नुकसान झालं तर भरून देऊ, अशी लेखी हमी), नवा संच आणि कोर्ट. नव्या संचाला लाइन सहज तयार होत नाहीत, कारण जुना सापडला तर एकाच मालाचे दोन हक्कदार उभे राहतात. त्यामुळे नवा संच देतानाही इन्डेम्निटी मागितली जातेच. मग नुसती डिलिव्हरी हवी असेल तर नव्या संचाच्या मागे का लागायचं? माल वाटेतच पुढे विकायचा असेल किंवा बँकेत सादर करायचा असेल तेव्हाच त्याला अर्थ आहे. कोर्टाचा मार्ग हळू आहे, पण लाइन अडूनच बसली किंवा दुसरा दावेदार उभा राहिला तर तोच खरा. अमेरिकेच्या कायद्यात तर सरळ तरतूद आहे की बीएल हरवल्याचा पुरावा आणि पुरेसा जामीन दिला तर कोर्ट कॅरियरला माल देण्याचा आदेश देऊ शकतं.

टप्पा ५: एलओआय, सही करण्याआधी

सगळ्यात जास्त पैसे इथे अडकतात, म्हणून सावकाश जाऊ.

लाइन एवढी कडक का असते? जहाजमालकांचा जबाबदारी विमा उतरवणारे पी अँड आय क्लब ओरिजिनल न घेता दिलेल्या मालाचं नुकसान सहसा भरून देत नाहीत. चूक झाली तर लाइनच्या स्वतःच्या खिशातून जातं. म्हणून ती तुमच्या सहीबरोबर बँकेचीही सही मागते. रक्कम बहुधा मालाच्या किमतीच्या १०० ते २०० टक्के असते आणि मुदत काही वर्षांची.

आंतरराष्ट्रीय ग्रुपमधल्या क्लबांनी शिफारस केलेला एक नमुना आहे, अनेक लाइनचे फॉर्म त्याच धर्तीवर असतात. त्यावर सही करणारा नुसती भरपाई कबूल करत नाही. कॅरियरवर दावा झाला तर तो लढवायचा खर्च, जहाज जप्त झालं तर ते सोडवायचा जामीन, आणि ओरिजिनल सापडताच ती आणून देणं, एवढं सगळं त्यात येतं. नमुन्यात इंग्लिश कायदा आणि लंडनच्या हाय कोर्टाचं अधिकारक्षेत्र आहे. रक्कम मर्यादित करता येते का, ते बोलून पाहा. बँकेच्या गॅरंटीला मात्र शेवटची तारीख असलीच पाहिजे. ‘ओरिजिनल परत येईपर्यंत’ अशी मोकळी गॅरंटी घेतलीत तर तुमची क्रेडिट मर्यादा कायमची अडकते.

माल कुणाला द्यायचा ते नाव अचूक लिहा. एलओआयमध्ये कंपनीचं नाव एक आणि डिलिव्हरी घेणारा दुसराच, यावरून वर्षानुवर्षं खटले चाललेत.

तपासा: सही करणाऱ्याला अधिकार देणारा ठराव जोडलाय का? बीएल, जहाज आणि मालाचं वर्णन अक्षरशः जुळतं का? एलओआय कॅरियरच्या नावाने आहे की चुकून नुसत्या एजंटच्या? एजंटच्या नावाने असेल तर परत करा.

टप्पा ६: डिमरेज थांबवा

या काळात कंटेनरवर डिमरेज आणि डिटेन्शन (कंटेनर मुदतीपलीकडे अडकवल्याची लाइनची आकारणी) आणि टर्मिनलचं भाडं चढत राहतं, आणि कागद हरवला हे त्याला उत्तर नाही. फ्री डेज (बिनआकारणीचे दिवस) वाढवून मागायचे असतील तर ते संपण्याआधी मागा. परवानगी मिळाली तर माल बाँडेड (कस्टम्सच्या देखरेखीखालच्या) गोदामात हलवून कंटेनर रिकामा करून द्या, म्हणजे कंटेनरचं भाडं तरी थांबतं. लाइनही अनंत काळ आकारणी करू शकत नाही. एमएससी (जहाज कंपनी) विरुद्ध कॉटनेक्स या २०१६ च्या निकालात इंग्लंडच्या अपील कोर्टाने एका टप्प्यानंतर डिमरेज थांबतं असं मानलं. पण तो टप्पा माल सोडवण्याची आशाच संपल्यावर आला होता. दोन-तीन आठवड्यांच्या उशिराला त्याचा आधार मिळणार नाही.

टप्पा ७: माल ताब्यात घेताना

इतकी यातायात झाल्यावर माल मिळाल्याच्या आनंदात लोक ‘माल सुस्थितीत मिळाला’वर सही करून टाकतात. करू नका. सील क्रमांक बीएलच्या प्रतीशी ताडा, कंटेनर उघडण्याआधी आणि उघडल्यावर फोटो घ्या. तूट किंवा मोडतोड दिसली तर पावतीवरच शेरा मारा आणि सर्व्हेयर बोलवा. हेग-विस्बी नियमांनुसार दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना डिलिव्हरी घेताना किंवा त्याआधी द्यायची असते, न दिसणाऱ्याची ३ दिवसांत. हॅम्बर्ग नियम (याच विषयावरचे दुसरे आंतरराष्ट्रीय नियम) लागू असतील तर दिसणाऱ्यासाठी पुढचा कामाचा दिवस आणि न दिसणाऱ्यासाठी १५ दिवस. सूचना चुकली म्हणून दावा मरत नाही, पण माल नीट मिळाला असं प्रथमदर्शनी गृहीत धरलं जातं आणि उलट सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर येतं.

टप्पा ८: कॅरियरची जबाबदारी कुठे सुरू होते

माल भलत्यालाच दिला, तर कॅरियरची बाजू फार कमजोर असते. ओरिजिनल न घेता माल देणं म्हणजे कराराचा मुळाशी भंग, आणि जबाबदारीतून सूट देणारं छापील कलम त्याला सहसा वाचवत नाही. स्झे हाय टाँग बँक प्रकरणात १९५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हेच सांगितलं. बीएल बनावट निघालं आणि लाइनने ते खरं समजून माल दिला, तरी ती सुटत नाही. मोटिस एक्सपोर्ट्स प्रकरणातला निकाल तसाच. अँटवर्पमध्ये कोबाल्टचे दोन कंटेनर, टर्मिनलवरून ते सोडवण्याचा पिन कोड वापरून, भलत्यांनीच पळवले, तेव्हा २०१७ च्या ग्लेनकोर निकालात पिन कोड देणं म्हणजे डिलिव्हरी देणं नव्हे असं ठरून एमएससीच जबाबदार ठरली. हे सगळे इंग्लिश कायद्याच्या प्रभावातले निकाल आहेत. तुमच्या बीएलला कोणता कायदा आणि कोणतं कोर्ट लागू आहे, ते मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत असतं.

माल वाटेत हरवला किंवा बिघडला, तर गणित वेगळं. हेग-विस्बीत मर्यादा आहे प्रति पॅकेज ६६६.६७ एसडीआर किंवा प्रति किलो २ एसडीआर, जे जास्त होईल ते. हॅम्बर्गमध्ये हेच आकडे ८३५ आणि २.५ आहेत. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, त्याचा दर रोज जाहीर होतो.

बीएलची प्रत जपून का ठेवायची, ते इथे कळतं. समजा कंटेनरमध्ये १२,००० किलोचे ४०० खोके होते. बीएलवर ‘४०० खोके’ लिहिलेलं असेल तर मर्यादा ४०० गुणिले ६६६.६७, म्हणजे २,६६,६६८ एसडीआर. नुसतं ‘१ कंटेनर’ लिहिलं असेल तर किलोचा हिशेब लागतो: २४,००० एसडीआर. माल तोच, फरक अकरा पटींचा. प्रत हाती नसेल तर लोडिंग बंदराच्या एजंटकडून ती मागून घ्या. छापील मजकुराची प्रत मिळवायला ओरिजिनल लागत नाही.

दावा कुणी करायचा हाही प्रश्न येतो. इंग्लिश कायद्यात दाव्याचा हक्क बीएलच्या कायदेशीर धारकाकडे जातो, आणि हरवलेल्या बीएलचा धारक कोण यावर कॅरियर हमखास बोट ठेवतो. त्यामुळे विक्रेता आणि खरेदीदार दोघांनी मिळून दावा करा, किंवा एकाने आपले हक्क लेखी करारनाम्याने दुसऱ्याच्या नावे करून द्या. हे मुदतीच्या आत झालं पाहिजे.

टप्पा ९: मुदत कॅलेंडरवर टाका

हेग (हेग-विस्बीचं आधीचं रूप) आणि हेग-विस्बीत मुदत १ वर्ष, हॅम्बर्गमध्ये २ वर्षं. वर्ष मोजायचं माल दिल्याच्या किंवा द्यायला हवा होता त्या तारखेपासून. कागद सापडल्यापासून किंवा लाइनने नकार दिल्यापासून नाही. २०२३ च्या ‘जायंट एस’ निकालात इंग्लंडच्या अपील कोर्टाने हेग-विस्बीतली ही एक वर्षाची मुदत उतरवल्यानंतर चुकीच्या माणसाला दिलेल्या मालालाही लागू केली. त्यामुळे ‘चोरीच आहे, मुदत कसली’ या भरवशावर राहू नका.

क्लेमची पत्रं आणि एजंटचं ‘तपास सुरू आहे’ यांनी मुदत थांबत नाही. योग्य कोर्टात दावा, योग्य ठिकाणी लवाद, किंवा कॅरियरने लेखी दिलेली मुदतवाढ, एवढ्यांनीच थांबते. मुदतवाढ दहाव्या महिन्यातच मागा, कॅरियरचं पूर्ण नाव घालून. एजंटने स्वतःच्या नावाने दिलेली मुदतवाढ कोर्टात टिकेल याची खात्री नाही.

समुद्र सोडून बाकी मार्ग

हवाई मालाचा एअर वेबिल हक्काचा दस्त नसतो, त्यामुळे तो हरवला म्हणून डिलिव्हरी अडायचं कारण नाही. १९९९ च्या मॉन्ट्रियल करारात कागद नसला तरी करार आणि जबाबदारीची मर्यादा कायम राहते. ही मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रति किलो २६ एसडीआर आहे. बिघाडाची तक्रार १४ दिवसांत, उशिराची २१ दिवसांत, दावा २ वर्षांत. माल यायला हवा होता त्या तारखेनंतर ७ दिवस उलटले तर कन्साइनी आपले हक्क बजावू शकतो.

रस्त्यावरच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीला सीएमआर हा आंतरराष्ट्रीय करार लागू असेल तर कन्साइनमेंट नोट (मालाबरोबरचा वाहतुकीचा कागद) नसणं किंवा हरवणं याने कराराला बाध येत नाही. याच करारात एक कामाचं कलम आहे, अकरावं: नोटबरोबर दिलेले कस्टम्सचे कागद वाहतूकदाराने हरवले किंवा चुकीचे वापरले, तर परिणामांना तो जबाबदार. फक्त भरपाई माल पूर्ण हरवला असता तर जेवढी झाली असती तेवढ्याच्या वर जात नाही, आणि ती मर्यादा प्रति किलो ८.३३ एसडीआर. म्हणून ड्रायव्हरला कागद देताना यादीवर सही घ्या. ठरलेल्या तारखेनंतर ३० दिवसांत, किंवा तारीख ठरली नसेल तर माल घेतल्यापासून ६० दिवसांत डिलिव्हरी झाली नाही, तर माल हरवला असं मानता येतं. आंतरराष्ट्रीय रेल्वे वाहतुकीच्या सीआयएम नियमांतही नोट हरवल्याने करार रद्द होत नाही, आणि तिथे मर्यादा प्रति किलो १७ एसडीआर.

टप्पा १०: कागद नंतर सापडला तर

कपाटात ठेवून देऊ नका आणि फाडूही नका. सापडलेली ओरिजिनल ताबडतोब कॅरियरकडे जमा करा, प्रत्येकावर ‘रद्द’ असा शिक्का मारून पोच घ्या. मग मूळ एलओआय परत मागा आणि कॅरियरकडून बँकेला गॅरंटी मुक्त केल्याचं पत्र लिहवून घ्या. बँक नुसत्या तुमच्या सांगण्यावर गॅरंटी सोडत नाही. तीनपैकी दोनच सापडली असतील तर गॅरंटी तशीच राहील, पण रक्कम कमी करून मागता येते. विचारून पाहा.